मुंबईला निघालेलं सोनं: ‘इजिप्त’ जहाजाचं प्रकरण, १९२२ ते १९३५

पार्श्वभूमी

१९ मे १९२२ ला पी अँड ओ कंपनीचं ‘इजिप्त’ हे टपाल-जहाज लंडनजवळच्या टिलबरी बंदरातून मुंबईला निघालं. १८९७ साली ग्रीनॉकला बांधलेलं हे ७,९१२ टनांचं जहाज. बोटीवर ३३८ माणसं होती, त्यांत प्रवासी फक्त ४४. हिंदुस्थानात येणारी बरीच मंडळी त्या काळी आगगाडीने मार्सेय गाठून तिथे बोटीवर चढत, म्हणजे बिस्केच्या उपसागराचा त्रास वाचे. उरलेली २९४ माणसं बोटीवर कामाला होती. पी अँड ओच्या बोटींवर डेकवर आणि इंजिनखोलीत हिंदी खलाशी, तर सलूनमध्ये, म्हणजे प्रवाशांच्या जेवणा-बसण्याच्या दालनांत, गोव्याचे लोक ठेवायची रीतच होती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फ्रान्सच्या पश्चिम टोकाला, उशां बेटाच्या नैर्ऋत्येला, दाट धुकं होतं. ‘सेन’ नावाची फ्रेंच मालवाहू आगबोट धुक्यातून आली आणि ‘इजिप्त’च्या डाव्या कुशीत शिरली. बाल्टिकच्या बर्फातून जाता यावं म्हणून ‘सेन’ची नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, मुद्दाम मजबूत केलेली होती. एरवी आदळणाऱ्या बोटीची नाळ चेपते आणि धक्क्याचा काही भाग तिथेच जिरतो. इथे तसं झालं नाही. ‘इजिप्त’ सुमारे वीस मिनिटांत बुडाली. ८६ माणसं गेली: ७१ बोटीवरची नोकर माणसं आणि १५ प्रवासी. वाचलेल्यांना ‘सेन’नेच उचललं.

जहाजाच्या पोटात, बरेच डेक खाली, खजिन्याची खोली होती. तिच्यात १,०८९ सोन्याच्या लगडी, १,२२९ चांदीच्या लगडी आणि १,६५,९७९ सॉव्हरिन होते. सॉव्हरिन म्हणजे आपल्याकडे ज्यांना गिन्या म्हणतात ती नाणी. एक नाणं ७.९८ ग्रॅमचं, म्हणजे नुसत्या गिन्याच सव्वा टनाच्या वर. एकूण किंमत धरलेली होती १०,५४,००० पौंड. लंडनहून मुंबईच्या बाजारात सोनंचांदी पाठवणं हा त्या काळचा नेहमीचा व्यवहार होता, आणि टपाल-बोटी त्यासाठीच पसंत केल्या जात. वेळापत्रक पक्कं, वेग चांगला, म्हणून विम्याचा दर कमी.

अडचण नेमकी काय होती

बुडालेल्या खजिन्याच्या गोष्टींत मालक कोण हा प्रश्न बहुधा शेवटी येतो आणि तिथेच सगळं अडतं. या प्रकरणात तो पहिल्या काही आठवड्यांतच सुटला. माल लॉइड्स या लंडनच्या विमा बाजारातल्या विमेकऱ्यांकडे उतरवलेला होता. त्यांनी दाव्याची रक्कम चुकती केली आणि समुद्राच्या तळाचं सोनं त्यांचं झालं. मालाची यादी नाण्यापर्यंत मोजलेली, मालक एकच, कागद स्वच्छ. आज ऐकायला ही साधी बाब वाटते, पण पुढची तेरा वर्षं या प्रकरणात पैसा घालायला लोक तयार झाले ते याच कागदांच्या जोरावर.

खरी अडचण दुहेरी होती. जहाज कुठे आहे हे ठाऊक नव्हतं आणि ते होतं तितक्या खोल जाऊन काम करण्याची रीत तेव्हा कुणाकडेच नव्हती.

खोली सुमारे १२८ मीटर. आपल्या कोळ्यांच्या मापात सत्तर वाव. तिथे पाण्याचा दाब दर चौरस सेंटिमीटरला साधारण १३ किलो होतो. वरून हवा पुरवलेला नेहमीचा शिरस्त्राणवाला पाणबुड्या एवढ्या खोलीवर काम करू शकत नाही. दाबलेल्या हवेतला नायट्रोजन डोक्यात चढतो, दारू चढल्यासारखं होतं, विचार सुटतो. शिवाय काही मिनिटांच्या कामासाठी वर येताना तासन्‌तास टप्प्याटप्प्याने थांबावं लागतं. हेलियम मिसळलेल्या वायूचं तंत्र प्रत्यक्ष कामावर यायला अजून बरीच वर्षं होती.

जागेचं म्हणाल तर धुक्यात सूर्य दिसत नव्हता, किनाराही दिसत नव्हता. बोटीची जागा वेग आणि दिशेवरून अंदाजानेच धरलेली. ‘इजिप्त’चा अंदाज एक, ‘सेन’चा दुसरा, बिनतारी संदेशावरून किनाऱ्यावरच्या स्थानकांनी काढलेली दिशा तिसरी, आणि तिन्ही एका बिंदूवर येत नव्हती. समजा चूक पाच सागरी मैल इकडे-तिकडे धरली, तर शोधायचं क्षेत्र १०० चौरस सागरी मैलांचं होतं. तळालगत ओढलेल्या तारेने अर्धा मैल रुंद पट्टा झाडत गेलं तर दहा मैलांचे वीस फेरे, म्हणजे २०० मैल. तासाला दीड सागरी मैलाच्या चालीने हे सव्वाशे-दीडशे तासांचं काम झालं. कागदावर एवढंच. पण समुद्रात प्रवाह तार तिरकी करतो, तळाच्या खडकाला ती दर थोड्या वेळाने अडकते, आणि प्रत्येक अडकीला थांबून, बोया टाकून, खाली काय आहे ते पाहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. अटलांटिकच्या त्या तोंडावर काम करण्याजोगं हवामान वर्षातून जेमतेम चार-पाच महिने मिळतं, आणि त्यातलेही कितीतरी दिवस लाटांच्या हेलकाव्यांनी वाया जातात.

समोर असलेले पर्याय

विमेकऱ्यांपुढे तीन वाटा होत्या. पहिली, पैसे भरले, तोटा मान्य केला आणि विषय मिटवला. दुसरी, स्वतः बोट आणि माणसं रोजाने लावून शोध घ्यायचा. यात सापडलं तर सगळं आपलं, नाही सापडलं तर भरलेल्या दाव्यावर आणखी खर्च. तिसरी वाट ‘माल नाही तर मोबदला नाही’ या कराराची: खर्च आणि जोखीम काढणाऱ्याची, सापडलं तर हिस्सा.

त्यांनी तिसरी निवडली. १९२३ मध्ये लंडनच्या सँडबर्ग आणि स्विनबर्न या अभियंत्यांशी करार झाला. त्यांच्याकडे स्वतःची बोट नव्हती, त्यामुळे ते दुसऱ्या कंपन्यांना गाठत राहिले. आधी स्वीडिश, मग फ्रेंच मंडळींनी हंगाम घालवले, हाती काही लागलं नाही. अखेर जिनोव्हाची ‘सोरिमा’ ही कंपनी आली. प्रमुख जोव्हान्नी क्वाल्या, मुख्य पाणबुड्या व्हियारेज्जोचा आल्बेर्तो जान्नी. वाटणी ठरली ती अशी: निम्मा माल सोरिमाचा, साडेसदतीस टक्के विमेकऱ्यांचा, साडेबारा टक्के सँडबर्ग-स्विनबर्नचा.

काहीही न उचलणाऱ्या मध्यस्थाला साडेबारा टक्के कशाला, असं वाटू शकतं. पण सहा वर्षं अपयश येत असताना करार जिवंत ठेवणं, कागदपत्रं जपणं, पुढची कंपनी शोधणं हे काम त्यांनीच केलं. आमच्या मते तो हिस्सा योग्य होता. उलट विमेकऱ्यांनी जोखीम पूर्णपणे दुसऱ्यावर ढकलली त्याची किंमत कुणी मोजली, ते पुढे येतंच.

तंत्राचे पर्यायही तपासले गेले. सांधे असलेला लोखंडी पोशाख तेव्हा जर्मनीत तयार होत होता आणि सोरिमाने तो वापरूनही पाहिला. आत हवेचा दाब साधाच राहतो, हा त्याचा फायदा. पण शंभर मीटरच्या खाली हातापायांचे सांधे दाबाने आवळले जातात आणि माणसाला कोपर वाकवणंही कठीण होतं. जान्नीने यातून काढलेला निष्कर्ष या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात चांगला निर्णय आहे. हात उपयोगाचे नसतील तर ते काढूनच टाकायचे. पाणबुड्याने खाली फक्त पाहायचं, आणि काम वरच्या क्रेनने करायचं.

केलेली कामं

त्यातून आलं ते पोलादी पिंप. माणूस जेमतेम उभा राहील एवढं, वरच्या भागात सभोवार जाड काचेच्या खिडक्या. वीस सेंटिमीटर व्यासाच्या एका खिडकीवर त्या खोलीला सुमारे चार टनांचा भार येतो, म्हणून काच जाड आणि तिची बैठक अगदी काटेकोर. आत प्राणवायूची बाटली, उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड शोषणारी रसायनं आणि टेलिफोन. खाली वजन बांधलेलं, तार तुटली तर आतूनच सोडता येईल असं. पिंपातला माणूस बोलतो आणि वर डेकवरचा माणूस ते ऐकून विंच चालवणाऱ्याला सांगतो: एक मीटर वर, डावीकडे, थांब, सोड. जी वस्तू उचलायची ती एक माणूस पाहतो आहे आणि तिच्यावर पडणारा पंजा दुसऱ्याच्या हातात आहे. शंभरावर मीटर तारेच्या टोकाला झोका घेणारा लोखंडी पंजा नेमक्या जागी टेकवायला सरावच लागतो.

सोरिमाच्या बोटीचं नाव ‘आर्तिल्यो’, इटालियनमध्ये पंजा किंवा नखी. जुना वाफेचा ट्रॉलर, म्हणजे मासेमारीची बोट, दुरुस्त करून घेतलेला. जोडीला ‘रोस्त्रो’. दोन बोटींमध्ये लांब पोलादी तार ताणून, ती तळाच्या थोडी वर ठेवून समुद्र झाडायचा ही पद्धत. १९२९ चा सगळा हंगाम यात गेला. अपयश लांबलं की माणूस काय काय करून पाहतो, त्याचंही उदाहरण इथे आहे: काडीने पाणी शोधणाऱ्या कापूचिन या ख्रिस्ती संघाच्या एका साधूलाही बोटीवर आणलं गेलं. शोध मात्र लागला तो तारेनेच, ऑगस्ट १९३० च्या अखेरीस. तार अडकली, पिंप खाली गेलं, जहाज दिसलं. पंजाने वर आणलेली डेकवरची क्रेन जहाजाच्या मूळ नकाशांशी ताडून पाहिली आणि खात्री पटली. जहाज तळावर सरळ बसलेलं होतं, आणि ही मोठीच गोष्ट होती. आडवं पडलं असतं तर वरून खाली डेक कापत जाण्याची योजनाच कोलमडली असती.

वळणाचा क्षण: डिसेंबर १९३०

जागा सापडली आणि हंगाम संपला. ‘माल नाही तर मोबदला नाही’ हा करार असल्यामुळे हिवाळ्यात कंपनीला दुसरीकडून पैसे उभे करणं भाग होतं. फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या किबेरोंच्या परिसरात ‘फ्लॉरेन्स एच.’ हे १९१८ साली स्फोट होऊन बुडालेलं अमेरिकी दारूगोळ्याचं जहाज होतं. ते सुरुंगांनी फोडून जलमार्ग मोकळा करायचं काम सोरिमाने घेतलं.

सुरुवातीला सुरुंग उडवताना ‘आर्तिल्यो’ बरीच लांब नेली जाई. एकामागून एक सुरुंग उडाले आणि खालचा जुना दारूगोळा पेटला नाही. बारा वर्षं पाण्यात भिजून तो निकामी झाला असावा, अशी समजूत पक्की होत गेली. लांब जायचं म्हणजे नांगर काढायचे, तार लांबवायची, परत येऊन पुन्हा जागा धरायची. प्रत्येक वेळी अर्धा दिवस. म्हणून अंतर कमी होत काहीशे मीटरवर आलं. ७ डिसेंबर १९३० ला उडवलेल्या सुरुंगाबरोबर सगळा उरलेला दारूगोळा उडाला. ‘आर्तिल्यो’ जागीच बुडाली. बारा जण गेले. त्यांत आल्बेर्तो जान्नी, आल्बेर्तो बार्जेल्लिनी आणि आरिस्तीदे फ्रान्चेस्की होते, म्हणजे पिंपाची पद्धत ज्यांच्या हातांनी घडली ते तिघेही.

इथे थांबून विचार करायला हवा, कारण ही चूक समजायला सोपी आणि टाळायला अवघड आहे. वीस सुरुंगांनी काही झालं नाही, यावरून एकविसाव्याबद्दल काहीच कळत नाही. जिथे दारूगोळा नव्हताच तिथले सुरुंग उडत होते, एवढंच त्यातून सिद्ध होत होतं. सुरक्षित अंतर एकदाच, खालचा सगळा माल जिवंत आहे असं धरून, कागदावर ठरवायचं आणि काम संपेपर्यंत बदलायचं नाही, हाच त्यावर उपाय. आणि अंतर कमी करण्यामागचा दबाव कुठून आला तेही पाहावं. विमेकऱ्यांनी शोध लागल्यानंतर हिवाळ्यापुरती थोडी उचल दिली असती, पुढच्या हिश्शातून वळती करून घेतली असती, तर कंपनीला त्या कामाची गरज किती राहिली असती? जागा सापडल्यावर जोखमीचा मोठा भाग सरला होता. करार मात्र सगळी जोखीम अजून अंधारातच आहे असं धरून चालत राहिला.

सोन्यापर्यंत

१९३१ मध्ये दुसरी बोट घेतली, नाव तेच ठेवलं. नवी माणसं पिंपात बसायला शिकली. बोट मध्ये ठेवून सभोवार बोये, प्रत्येक बोयाला तार. एक तार आवळली, दुसरी सैल सोडली की बोट मीटर-मीटरने सरकते. मग डेकच्या कडेला स्फोटकं बसवायची, उडवायची, सुटलेले पत्रे पंजाने उचलून बाजूला टाकायचे. पुन्हा खालचा डेक.

घाई केली असती तर इथे दोन प्रकारे हात पोळले असते. मोठा सुरुंग लावला तर वरचे डेक कोसळून खजिन्याच्या खोलीवरच ढीग होतो, आणि तो उपसायला हंगाम जातो. दुसरं, लगड जड असते, ती जागेवर राहते. पण गिन्यांची लाकडी खोकी फुटली तर २२ मिलिमीटर व्यासाचं, दीड मिलिमीटर जाडीचं नाणं गाळात कुठेही जाऊ शकतं. म्हणून लहान सुरुंग, वरचेवर पाहणी. १९३१ चा हंगाम याच कामात संपला आणि सोनं तसंच खाली राहिलं. पत्रे ओढायचा दातेरी पंजा नाण्यांना चालत नाही, ती फटींतून गळतात. त्यासाठी लहान, बंद कडांचा पंजा लागतो.

पुढच्या वर्षी खोली उघडली तेव्हा आधी वर आलं ते भलतंच: बंदुका, काडतुसं, कागद, आणि हैदराबादच्या निजाम सरकारच्या नोटांचे गठ्ठे. २२ जून १९३२ ला पंजा डेकवर रिता केला, चिखलावर पाण्याचा मारा केला आणि दोन गिन्या दिसल्या. मग लगडी येऊ लागल्या.

प्लिमथला माल घेऊन बोट लागली तर तिथे एका फ्रेंच कंपनीने आधीच्या शोधातल्या हक्कावरून दाव्याची नोटीस बजावली. मालकी स्वच्छ असली तरी जागा कुणी शोधली याबद्दलचे दावे राहतातच. आधीच्या प्रत्येक कंपनीशी करार संपवताना तिने काढलेले नकाशे आणि टिपणं कुणाची, हे लिहून घेतलं असतं तर हा खर्च टळला असता.

निकाल आणि हिशेब

१९३५ पर्यंत काम चाललं. खजिन्याचा सुमारे ९८ टक्के भाग वर आला. एवढ्या खोलीवर त्याआधी कुणीच असं काही केलेलं नव्हतं.

किमतीचं मात्र तोवर सगळंच पालटलं होतं. १९२२ मध्ये लंडनला सोनं औंसाला साधारण ४.६५ पौंड होतं. सप्टेंबर १९३१ ला ब्रिटनने पौंडाचं सोन्याशी असलेलं नातं तोडलं आणि १९३२ मध्ये भाव ५.९० पौंडांच्या आसपास गेला. म्हणजे शंभर पौंडांचा विमा असलेली लगड वर आली तेव्हा सव्वाशेहून जास्त पौंडांची होती. चांदी उलट जवळपास निम्म्यावर आलेली. विमेकऱ्यांच्या साडेसदतीस टक्क्यांचं वजन त्यामुळे सोन्यावर अवलंबून राहिलं. बुडालेल्या मालाची किंमत सांगताना यादीतला आकडा देणं म्हणूनच फसवं असतं. कोणत्या वर्षीचा भाव, कोणत्या धातूचा, आणि वाटणी टक्क्यांत की रकमेत, हे आधी विचारावं.

आणि दिशाही उलटली होती. ‘इजिप्त’ने हे सोनं मुंबईला न्यायला घेतलं होतं. ते वर आलं त्या १९३२ मध्ये मुंबई बंदरातून सोनं लंडनकडे चाललं होतं. वाढलेला भाव आणि मंदीने पिचलेला शेतकरी, दोन्हींमुळे गावोगावचे दागिने सराफांमार्फत बाहेर पडत होते.

तुलनेसाठी दुसरं एक जहाज पाहता येतं. कलकत्त्याहून निघालेलं ‘गैरसोप्पा’, जोगच्या धबधब्याजवळच्या गेरसोप्प्याचं नाव असलेलं, फेब्रुवारी १९४१ मध्ये जर्मन पाणबुडीने बुडवलं. त्यावरची चांदी ओडिसी मरीन या अमेरिकी कंपनीने २०१२ आणि २०१३ मध्ये सुमारे ४,७०० मीटरवरून काढली. युद्धाच्या विम्याचे पैसे ब्रिटिश सरकारने भरले होते म्हणून मालक सरकार, काढणाऱ्याला ८० टक्के. याच कंपनीने २००७ मध्ये ‘मेर्सेदेस’ या स्पॅनिश युद्धनौकेवरून सुमारे सहा लाख नाणी उचलली. तिथे मालकाशी करार नव्हता. अमेरिकेच्या न्यायालयांनी ती सगळी स्पेनला द्यायला लावली. तंत्र तेच, माणसं तीच, फरक कागदाचा.

काय वेगळं करता आलं असतं

टक्कर झाल्यावर बुडायला वीस मिनिटं मिळाली होती, आणि तेवढ्यात होड्या नीट सोडल्या गेल्या नाहीत. चौकशीत ठपका आला तो होड्यांच्या कवायती न घेतल्याबद्दल. कप्तानाचं प्रमाणपत्र सहा महिन्यांसाठी निलंबित झालं. वर्तमानपत्रांनी हिंदी खलाशांवर गोंधळाचा आळ घेतला होता. पण ज्यांना आपली होडी कोणती हेच कधी दाखवलेलं नाही, त्यांनी धुक्यात आणि कलत्या डेकवर ती शोधून काढावी ही अपेक्षाच चूक.

शोधाच्या बाबतीत, वाचलेले खलाशी आणि ‘सेन’वरची माणसं यांच्या जबान्या वेग, दिशा, प्रवाह आणि वेळ यांच्यासह पहिल्या महिन्यातच एकत्र बसवून एकच नकाशा काढायला हवा होता. चौथ्या-पाचव्या वर्षी माणसं विखुरतात आणि आकडे ऐकीव होतात.

निजामाच्या नोटांचा उल्लेख वर आला. त्या लंडनला छापून हैदराबादला चालल्या होत्या. आज जो मराठवाडा, तिथे तेव्हा हाली शिक्का, म्हणजे निजामाचा स्वतःचा रुपया, आणि याच सरकारच्या नोटा चालत. बुडाल्या त्या दिवशी त्यांच्यावर सही झालेली नव्हती, चलनात आल्या नव्हत्या, म्हणजे हिशेबाला निव्वळ छापील कागद. दहा वर्षं समुद्रात राहून त्या आल्या, वाळवल्या गेल्या, आणि आता नोटा जमवणारे लोक ‘इजिप्त’वरची म्हणून त्या शोधत असतात. कडा खाल्लेल्या, रंग फिका पडलेला, सहीची जागा कोरी.